पहिल्या खुंटीवरची फळी

मल्हारी, तुझी राख सावडून आम्ही ओढ्यावरून परत येत होतो. पंचे अजून ओले होते. तेवढ्यात गुलाबशेठ माझ्या शेजारी आला आणि हळूच म्हणाला, "पाटील, फळीचं काय करायचं?"

मला हसू आलं. अशा वेळी हसणं बरं दिसत नाही म्हणून मी खोकलो. तू असतास तर म्हणाला असतास, "हसा की पाटील, मी कुठं बघतोय." शेठचं तसं काही चुकलं नव्हतं. तू गेलास तेव्हा तुझी फळी पहिल्या खुंटीवर होती, आणि तिथल्या माणसाला खेळून हरवल्याशिवाय ती खुंटी मिळत नाही, हा आपला नेम. आता तुला हरवायचं कोणी आणि कसं? तू तर दोन दिवसांच्या तापात सगळ्यांना हुकवून निघून गेलास. दुसऱ्या खुंटीवर फळी माझी. म्हणून ओढ्यापासून वेशीपर्यंत सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते.

यातलं निम्मं तुला ठाऊक आहे. तरी सांगतो, कारण आता मधेच तोडायला तू नाहीस. एकदा तरी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घे.

मोमीनाबादच्या छावणीतलं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा शेठनं ते मेज आपल्या सिरसाळ्याला आणलं. हिरवं, लांबलचक, कडेनं पांढरी रेघ. कापसाचे नमुने पसरायला बरं पडेल म्हणून अडतीच्या गोदामात टाकलं, आणि बरेच दिवस त्याच्यावर कापूसच पसरला. मग एकदा रहीमखाँ दफेदार पाणी प्यायला आत आले. घोडेस्वारांच्या रिसाल्यातून पेन्शनीत निघालेला माणूस, साहेब लोकांच्या मागं उभं राहून त्यांचे सगळे खेळ बघितलेले. मेज बघून ते प्यायचे थांबले. "शेठ, ये कपास की मेज नै. इसपे खेलते." पिंगपाँग हे नाव त्यांनीच सांगितलं. जुन्या पागोट्याची पट्टी ताणून जाळी केली, सुतारानं लाकडाच्या फळ्या कापून दिल्या, चेंडू शेठच्या माणसाबरोबर हैदराबादेहून आले. चेंडू चेपला की उकळत्या पाण्यात टाकायचा, परत फुगायचा. दफेदारांचा गुडघा गेलेला, ते खेळत नसत. ते मोजत. ज्याचे आधी एकवीस तो जिंकला; एकवीस झाले की "इक्कीस!" अशी आरोळी ठोकत, बाहेर जुंपलेले बैल कान टवकारत.

खेळ साहेबाचा, पण खेळलो आपण आखाड्याच्या रीतीनं. दुसरी रीत येत कोणाला होती? आधी मेजाला हात लावून कपाळाला लावायचा. आव्हान तोंडानं द्यायचं नाही. आपल्या वरच्या खुंटीवरची फळी काढायची आणि ज्याची त्याच्या हातात ठेवायची, की लढत ठरली. जिंकलेल्याची फळी वर, हरलेल्याची खाली. भिंतीवर खुंट्या पाच. नवा कोणी आला तर त्यानं शेवटच्या खुंटीवाल्याला हरवायचं, मग त्याची फळी भिंतीवर, हरलेल्याची घरी. भिंतीकडे नुसतं बघितलं की कोण कितवा ते कळे, आणि बाजारला आलेले लोक मिरचीचा भाव विचारायच्या आधी तेच विचारत.

तू आलास लोकर विकायला. दारात उभा राहून तू आमचा खेळ बघितलास, आणि शेठच्या हातातून फळी मागून घेतलीस. खांद्यावरची घोंगडी काढून ठेव म्हटलं तर म्हणालास, "असू द्या, तिचं काय वजं हाय." त्या घोंगडीसकट तू सोनाराला हरवलंस, शेठला हरवलंस, पटवाऱ्याला हरवलंस, आणि पुढच्या बाजारी माझी फळी काढून माझ्या हातात दिलीस. मी पाटलाच्या घरातला, तू धनगराचा. माझ्या हातात आजवर तुमच्यातल्या कोणी असं काही दिलं नव्हतं. मी ती घेतली. हरलो.

घरी चुलते तापले. "पाटलाची फळी खाली अन् धनगराची वर! गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस." मी म्हणालो, "मग तुमी या की, हरवा त्याला." ते काही आले नाहीत. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

मग तू ते घोंगडीचं काढलंस. तुझ्या फळीला दोन्ही बाजूंनी घोंगडीचा तुकडा, बाभळीच्या डिंकानं चिकटवलेला. माझ्या आयुष्यात मी एवढा कशावर भांडलो नसेन. गोदामात उजेड बेताचाच, आपण सगळे चेंडूच्या आवाजावर खेळायचो. लाकडावर टक्क झालं की कळायचं केवढ्या जोरानं येतोय. तुझ्या फळीला आवाजच नाही. चेंडू लोकरीत घुसायचा आणि मुक्यासारखा निघायचा, पडल्यावर भलतीकडं वळायचा. मी म्हणालो हे चालणार नाही. तू म्हणालास, "कावून? मेंढरं माझी, लोकर माझी, फळी माझी." दफेदारांनी फळीवरून बोट फिरवलं आणि हसले. "गेंद कू तकलीफ नै, तो तुमना कायकू?" झालं. तिथं माझा निकाल लागला. अजूनही माझं म्हणणं आहे की ते चूक होतं. तू मेलास म्हणून माझं मत बदलणार नाही.

आणि तो जगाचा वाद. शेठनं हैदराबादेहून बातमी आणली की तिकडं विलायतेत हा खेळ मोठमोठे लोक खेळतात, मुलकामुलकांत सामने होतात, कोण वर कोण खाली याची मोजणी चालते. तू लोकर पिंजावी तशी ती बातमी पिंजत बसलास. "दफेदारसायब, जगात आपला नंबर कितवा?" दफेदार म्हणाले, तिकडच्या लोकांशी खेळल्याशिवाय कसं सांगणार. तू जरा विचार केलास आणि म्हणालास, "मंग जवर कुणी येऊन मला हरवत न्हाई, तवर मी जगात पयला. मी खालच्या समद्यांला हरवलंय. वरचा कुणी आसंल तर त्यानं यावं, माझी फळी काढून माझ्या हातात द्यावी. मी कुठं न्हाई म्हणतो?" पटवारी हसून हसून खोकला. मी सांगत होतो की मोजणी अशी नसते. पण खरं सांगू? घरी जाताना मला वाटलं, हा जर पहिला असेल तर मी जगात दुसरा. ते काही वाईट नव्हतं.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं. दिवाळी झाली की तू मेंढरं घेऊन निघायचास, ते मृगाच्या तोंडावर परत. तेवढे महिने पहिल्या खुंटीवर तुझी फळी आणि खाली आम्ही सगळे तिच्याकडे बघत बसलेलो. म्हणून मी नेम केला: बाजारच्या दिवशी जो हजर नाही त्याची फळी एक खुंटी खाली. दर बाजारी एक. शेवटच्या खुंटीवर आली की थांबायचं. पहिल्या वर्षी तू परत आलास आणि आपली फळी तळाला बघितलीस तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"मी हरलो न्हाई, पाटील. मी गेलतो."

"नसलेला माणूस पहिला कसा?" मी म्हणालो.

"देव कुठं दिसतो? पर पयला नारळ त्यालाच ना?"

नेम मात्र मी बदलला नाही. तू "बरं" म्हणालास, सोनाराची फळी काढलीस, त्याच्या हातात दिलीस, आणि तळापासून सुरू केलंस. सोनार, शेठ, पटवारी, मी. दर वर्षी असंच. तुझ्या माघारी मी पहिला असायचो खरा, पण माझं लक्ष गावाबाहेरच्या रस्त्याकडे. मेंढरांची धूळ दिसली की आता पहिली खुंटी गेली हे कळायचं, आणि बरंही वाटायचं. हरायला कोणी वाट बघतं का? मी बघायचो. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू चार गावांत सांगत फिरला असतास.

आणखी एक राहिलं. मेजाशी उभा राहिलास की तू मला "खेळ बे" म्हणायचास. "कुठं बघतो बे, चेंडू हिकडं हाय." आणि गोदामाची पायरी उतरलास की "येतो पाटील, तुमी बसा." मधे एका पायरीचं अंतर. मला वाटायचं, एकदा बाहेरही "बे" म्हण. ओढ्यावर, वेशीत, चुलत्यांच्या देखत. मी ते बोललो नाही, आणि तुला ते सुचणं शक्य नव्हतं.

तर त्या दिवशी, ओढ्यावरून आल्यावर, सगळे गोदामात बसले. शेठचं म्हणणं, फळी पहिल्या खुंटीवरच राहू द्यावी, हार घालावा, बाजारच्या दिवशी उदबत्ती लावावी. पटवारी म्हणाला मग आम्ही खेळायचं कशासाठी, मेलेल्याच्या खालचा नंबर मिळवायला? चुलतेही त्या दिवशी आले होते, कधी नव्हे ते. "देवानंच निवाडा केला," ते म्हणाले, "पाटलाची फळी तिच्या जागी जाऊ द्या." त्यांच्यावर मी ओरडलो. मग दफेदारांनी माझ्याकडे बघितलं. "कायदा तुम बनाए. तुमीच बोलो."

मी म्हणालो, नेम लागू. जो हजर नाही त्याची फळी एक खुंटी खाली.

तुला राग आला असेल. येऊ दे. मला तुझ्या फळीला हार बघायचा नव्हता. तुझी फळी घामानं काळी पडलेली, तिला झेंडूचं फूल काय शोभणार? आणि दुसरं, मला जन्मभर अशा माणसाच्या खाली राहायचं नव्हतं ज्याच्या हातात फळी देता येत नाही. हे मी तिथं मोठ्यानं बोललो.

पहिल्या बाजारी तुझी फळी मी दुसऱ्या खुंटीवर घातली, माझी पहिल्या. त्या दिवशी चुलत्यांनी घरी शिरा करायला लावला. मी खाल्ला. शिऱ्याचा काय दोष? नंतरच्या बाजारी तू पटवाऱ्याच्या खाली, मग शेठच्या, मग सोनाराच्या. दर वेळी फळी मीच हलवली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. शेवटच्या खुंटीवर आल्यावर नेम संपला. त्याच्या खाली जायला जागाच नव्हती. शेठनं सुस्कारा सोडला. "आता राहू द्या हिथं. कुणाच्या आड येत न्हाई." मलाही ते पटलं. तळाला का होईना, भिंतीवर होतास. मृगापर्यंत तिथं राहायची तुला सवयच होती.

पण पुढच्याच बाजारी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर आलेला नवा कारकून गोदामात आला. हैदराबादेत शिकलेला, स्वच्छ शेरवानी, दुकानातून विकत घेतलेली फळी. त्यानं अदबीनं विचारलं, भिंतीवर यायचं तर काय करावं लागेल? सोनारानं सांगून टाकलं: शेवटच्या खुंटीवाल्याला हरवायचं.

"ते कुठं आहेत?"

शेठनं सांगितलं. कारकून ओशाळला. म्हणाला, मग राहू द्या, मी फक्त बघत बसेन. शेठ म्हणाला, सहावी खुंटी ठोकू की, भिंतीला काय कमी आहे. पटवारी म्हणाला, ठोकाठोकी कशाला, मल्हारी खेळायला येणार नाही तर तो हरला, काढा फळी.

पटवाऱ्याचं बोलणं माझ्याच नेमाला धरून होतं. नसलेला माणूस आहे तिथं कसा राहील, हे तर मीच तुला ऐकवत आलो. पण तुझी फळी न खेळता उतरायची, फळीला चेंडू न लागता तुला कोणी हरला म्हणायचं, हे माझ्यानं ऐकवेना. खाली सरकवणं निराळं, हरला म्हणणं निराळं. मला ते तेव्हा कळलं, मल्हारी. तू इतकी वर्षं घसा कोरडा केलास ते याच्यासाठी. मी उठलो, तुझी फळी काढली आणि म्हणालो, "मल्हारीकडून मी खेळतो. हरला तर भिंतीवरून उतरंल. न्हाई हरला तर ऱ्हाईल."

पटवारी म्हणाला, "पयल्यानं शेवटच्याची फळी धरायची? असं कुठं आसतंय?"

"धरने दो," दफेदार म्हणाले.

मेजाला हात लावून कपाळाला लावला. तुझी फळी काढून तुझ्या हातात मी कितीदा दिली असेल, पण तिनं मी चेंडू कधी मारला नव्हता. मूठ तुझ्या बोटांनी झिजलेली, माझी बोटं त्यात बसेनात. पहिले चेंडू सगळे जाळीत. मला आवाज लागतो रे. टक्क ऐकल्याशिवाय माझा हात पुढं जात नाही, आणि तुझी फळी मुकी. मारला की नाही तेच कळेना. कारकून मनापासून खेळत होता, त्यानं दया वगैरे दाखवली नाही, त्याबद्दल त्याचे आभार. मग हळूहळू मला थोडं जमायला लागलं. जोर द्यायचा नाही, चेंडू लोकरीत जिरू द्यायचा आणि मग फक्त सोडायचा. एकदोन चेंडू असे वळले की कारकुनाची फळी वाऱ्यातच फिरली. सोनार ओरडला, "मल्हारी! हा मल्हारीचा!" गोदामाच्या दारात बाजारचे लोक जमले. मला वाटलं, होतंय. वीस-वीस झाले तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता आणि मी, एवढा मोठा माणूस, मनात तुला म्हणत होतो, खेळ बे. कुठं बघतो बे.

तुला शंका येईल म्हणून सांगतो, मी मुद्दाम काही केलं नाही. सगळा जीव लावून खेळलो. शेवटचा चेंडू उंच आला, सोपा होता, तू डोळे मिटून मारला असतास. मी माझ्या पद्धतीनं मारला. लोकरीतनं तो मेजाच्या बाहेर गेला.

दफेदारांनी "इक्कीस" म्हटलं. ओरडले नाहीत, नुसतं म्हटलं.

आयुष्यभर मला तुला हरवायचं होतं. हरवलं ते असं.

कारकुनानं मला सलाम केला आणि आपली फळी खुंटीला लावली. तुझी फळी घेऊन मी बाजारात गेलो. भागाबाई लोकरीच्या गठ्ठ्याजवळ बसली होती, माल आवरत होती. तुझ्या बायकोशी मी याआधी उभ्यानं दोन शब्द बोललो नसेन. फळी पुढं केली.

"मल्हारीची हाय," मी म्हणालो. "आज हरला. करोडगिरीच्या कारकुनाकडून. वीस-वीस झालं होतं, मग गेला." मी असं सांगितलं जणू तू आत गोदामात घाम पुसत उभा आहेस. दुसऱ्या कुठल्या रीतीनं सांगावं ते मला सुचलं नाही.

भागाबाईनं फळी घेतली. तिच्यावरची लोकर एका बाजूनं सुटायला आली होती, ती तिनं अंगठ्यानं दाबली.

"दर बाजारी दिवेलागणीपतुर मी वाट बघायची," ती म्हणाली. "भाकरी गार व्हायच्या. म्या भांडले की म्हणायचे, जिंकणाऱ्याला मधनं उठता येत न्हाई, हरलो की लगीच घरी येतो. लगीन झाल्यापून हेच. हरलेच न्हाईत कधी."

तिनं फळी पाटीत ठेवली, मिठाच्या पुडीशेजारी, आणि पाटी उचलून डोक्यावर घेतली.

"आता येतील," ती म्हणाली आणि वस्तीच्या वाटेला लागली.

मी तिथंच उभा राहिलो, मल्हारी. भर बाजारात रडलो. चुलते बघत होते, पटवारी बघत होता, सगळं सिरसाळं बघत होतं.